अस्तनीतलं पत्र

मी बाही बोलतेय. शर्टाची नव्हे, स्वेटरची नव्हे, नुसती बाही. दंडापासून मनगटापर्यंत माझा मुलूख. वर खांदा नाही, खाली पंजा नाही. दुकानात मला आर्म वॉर्मर म्हणतात. सकाळी पळायला जाणारी माणसं गार वाटलं की मला हातात चढवतात, अंग तापलं की मनगटाशी गोळा करतात आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर वारा लागला की पुन्हा वर ओढतात. एका तासात चारदा मत बदललं तरी कुणी नावं ठेवत नाही, अशी सोय म्हणजे मी.

मराठीत आमच्या घराण्याची आधीच बदनामी झालेली आहे. ‘अस्तनीतला निखारा’ म्हणतात. निखारा ठेवणारा नामानिराळा, आणि नाव कुणाचं, तर अस्तनीचं. माझ्यात निखारा नव्हता, एक पत्र होतं. ते कुणी सोडलं, कुठं सोडलं आणि का सोडलं हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या वेळी मी त्याच हातावर होते. म्हणून ही जबानी.

जन्म माझा कारखान्यात झाला. आम्ही दोघी एकाच विणयंत्रातून एकापाठोपाठ सुळकन बाहेर आलो. दोघींत काडीचा फरक नव्हता. पण तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या कडेला ‘डा’ असा शिक्का मारला आणि दुसरीच्या कडेला ‘उ’. तेवढ्यावर उजवीच्या अंगात जो तोरा शिरला तो अजून उतरलेला नाही. ‘मी उजवी आहे’ असं ती अजूनही बोलता बोलता सुनावते. शिक्का मारताना त्या बाई जांभई देत होत्या, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आतून आम्हाला मऊ लव, वरच्या तोंडाला रबराची चिकट पट्टी. दंड सोडला तर पट्टीची अब्रू जाते, म्हणून ती धरते ती धरतेच. आम्हाला एका खोक्यात घातलं आणि खोक्यावर छापलं, ‘बदलत्या हवामानासाठी’. या तीन-चार वर्षांत मी हवामान बदलताना फारसं पाहिलं नाही. माणसं मात्र पाहिली.

आमचे मालक दुकानात आले ते पळताना घालायचा शर्ट घ्यायला. पूर्ण बाह्यांचा घ्यावा की अर्ध्या, यावर त्यांनी पाऊण तास घेतला. पूर्ण घातला तर उकडेल, अर्धा घातला तर गारठा लागेल. विक्रेत्यानं दोन्ही शर्ट सहा वेळा उलगडले आणि सहा वेळा घड्या घातल्या. शेवटी त्यानं कपाटातून आमचं खोकं काढलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

“साहेब, हे घ्या. यात ठरवायलाच लागत नाही.”

मालकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हे आम्हाला ओवाळतात की काय.

घरी गेल्यावर कळलं की आपण पडलो आहोत हवामानखात्यातल्या माणसाच्या पदरात. उद्याचं हवामान कसं असेल हे लिहून वर्तमानपत्रांना आणि रेडिओला पाठवणं हेच त्यांचं काम. ‘तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता.’ ‘आकाश अंशतः ढगाळ.’ ‘जोरदार वाऱ्याची शक्यता नाकारता येत नाही.’ वीस वर्षांत त्यांचा एकही अंदाज चुकला नव्हता, कारण चुकायला आधी काहीतरी बोलावं लागतं. वसाहतीत त्यांना सगळे तुरळकराव म्हणत. त्यांनाही ते माहीत होतं आणि त्यांची हरकत नव्हती.

‘हरकत नाही’ हे त्यांचं घरातलं वाक्य. “अहो, चहा टाकू का?” “हरकत नाही.” “की नको?” “तशीही हरकत नाही.” मग त्यांची बायको कपाळाला हात लावी आणि कपभर चहा टाके.

ही बायको गणित शिकवायची. बावीस वर्षं एकाच शाळेत. मुलं तिला बाई म्हणत, पालक बाई म्हणत, दूधवालाही बाई म्हणे, म्हणून मीही बाईच म्हणते. बाईंचा कारभार एक घाव दोन तुकडे. आम्हाला पहिल्यांदा पाहिल्यावर त्यांनी आम्हाला टोकाला धरून उजेडात पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, मोजे फाटके दिलेत तुम्हाला. दोन्हीकडून उघडे आहेत.”

तर अशी आमची रोजची सकाळ सुरू झाली. सहाला निघायचं, वसाहतीच्या फाटकातून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपासून पुढं सरकारी कचेऱ्यांपर्यंत आणि त्याच वाटेनं परत. निघताना आम्ही दंडापर्यंत. पहिल्या चढाला कोपरापर्यंत. टाकीपाशी घाम आला की मालक आम्हाला काढायचे, कठड्याच्या तिसऱ्या गजाला अडकवायचे आणि परत येताना उचलायचे. उचललं की पुन्हा हातात, कारण उतारावर वारा असे.

गंमत लोकांची. वर्तमानपत्रात मालकांचंच वाक्य छापलेलं असे, ‘हवामान कोरडे राहील’, आणि तेच वर्तमानपत्र हातात घेऊन माणसं गॅलरीतून मालकांचे हात बघत. बाह्या दंडापर्यंत दिसल्या की आतल्या खोलीत हाक जाई, “अगं, स्वेटर काढ, तुरळकराव बाह्या घालून निघालेत!” म्हणजे खात्यापेक्षा आमच्यावर विश्वास जास्त. उजवीला वाटे तो तिच्यावर.

आता मुद्द्याचं. बाईंना बढतीचं पत्र आलं. डोंगरातल्या एका गावी, बसनं सहा तासांवर, मुख्याध्यापिका म्हणून. तिथली शाळा दोन वर्षं मुख्याध्यापकाविना चालली होती, म्हणजे चाललीच नव्हती. बाईंनी होकार लिहून द्यायचा, तोही शाईच्या सहीनं, आणि सोमवारी दहाच्या आत शिक्षण कार्यालयाच्या पेटीत टाकायचा. दहाला पेटी उघडणार. आत पत्र नसलं तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

मालकांची नोकरी इथली, बदली व्हायला निदान दोन वर्षं. म्हणजे बाई तिकडे, मालक इकडे. बाईंनी विचारलं, “मी जाऊ का?”

“हरकत नाही,” मालक म्हणाले.

“हरकत नाही म्हणजे जाऊ?”

“बघू ना. वेळ आहे अजून.”

हे अकरा दिवस चाललं. जेवताना, कपडे वाळत घालताना, दिवा मालवताना. बाई विचारायच्या, मालक ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. मी खुंटीवरून ऐकत होते. एकदा तर बाई म्हणाल्या, “नको जाऊ म्हणा, पण काहीतरी म्हणा हो!” मालक म्हणाले, “तसं नाही गं,” आणि पंखा बंद करायला उठले. पंखा बंदच होता.

बाराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, बाईंनी होकार लिहिला आणि सही केली. पत्राची चौघडी केली. मालक रोजच्या सहाऐवजी साडेसातला बूट बांधत होते. बाई त्यांच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही पळत त्याच बाजूला जाताय. तुम्हीच टाका पेटीत. तुमच्या हातून गेलं म्हणजे मला बरं वाटेल.”

मालकांच्या चड्डीला खिसा नव्हता. बाईंनीच माझं तोंड ताणलं आणि पत्र आत सरकवलं, दंडाला लागून. वरून दोनदा थोपटलं. माझ्या पट्टीनं ते असं धरलं की जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला काहीतरी काम आहे.

त्या सकाळी गारठा होता. आकाश भरलेलं होतं आणि हवेत ओल होती. मालक रोजच्यापेक्षा हळू पळाले. टाकी आली. ते थांबले. आधी उजवीला हात घातला, मग तिला सोडलं. मग मला धरलं आणि हळूहळू खाली ओढलं, पत्र आतल्या आत राहील अशा बेतानं. तिसऱ्या गजाला मला अडकवलं. आणि पुढं कचेऱ्यांकडे न जाता बाजाराच्या लांबच्या रस्त्यानं रेंगाळत घरी निघून गेले. त्या रस्त्यानं गेलं की पुन्हा टाकीपाशी यावं लागत नाही.

पुढे मालकांनी सांगितलं, की उकडलं म्हणून काढली. लोकहो, मी दंडावर होते. त्या दंडावर घामाचा थेंब नव्हता. काटा आला होता. उकडणाऱ्या माणसाला काटा येत नाही, एवढं हवामान मलाही कळतं.

गजावर मी दोन तास लोंबकळले. फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले, मला ओढून पाहिलं, कापड चोळून पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं आणि पुटपुटले, “एकच आहे, नाहीतर नेली असती.” प्रामाणिकपणाचं असंच असतं बहुतेक, जोडी मिळाली नाही म्हणून टिकतो. त्यांच्यामागून हलका पाऊस आला. तुरळक ठिकाणी. नेमकं ते ठिकाण मी. मी तोंड आवळून धरलं, पण मी दोन्हीकडून उघडी, किती आवळणार? पाणी आत गेलं. पत्र भिजलं आणि शाई माझ्या लवेत उतरायला लागली. त्या वेळी मला खरंच रडू आलं. आधीच ओली असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

घरी काय झालं ते उजवीनं मला नंतर सांगितलं. तिच्या सांगण्यातली शेखी वजा करून देते.

मालक घरात शिरले. बाई शाळेची पिशवी भरत होत्या. “टाकलं का हो पत्र?”

“टाकलं,” मालक म्हणाले.

बघा आपली भाषा कशी दिलदार आहे. पेटीत घातलेलंही टाकलं, आणि वाऱ्यावर सोडलेलंही टाकलंच. मालक खोटं बोलले नाहीत. वीस वर्षांची सवय, चुकेल असं वाक्य त्यांच्या तोंडून निघणारच नव्हतं. बाईंनी मान डोलावली, पिशवी खांद्याला लावली, चप्पल घातली. आणि दारात वळून त्यांनी मालकांच्या हातांकडे पाहिलं. रोज अख्खी वसाहत बघायची, त्या दिवशी बाईंनी पाहिलं.

“डावी कुठंय?”

“कठड्यावर राहिली वाटतं. उकडलं म्हणून...”

बाईंनी त्यांच्या उघड्या दंडाला हात लावला. दंड गार होता. पत्र डावीत त्यांनी स्वतः घातलं होतं. गणिताच्या बाईंना याच्या पुढच्या पायऱ्या मांडायला लागत नाहीत.  त्यांनी शाळेला फोन केला, आज उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि बाहेर पडल्या. बावीस वर्षांतला पहिला उशीर.

मला त्या लांबूनच दिसल्या. छत्री हातात, पण मिटलेली. त्या पळत नव्हत्या, पण त्या चालीपुढं मालकांचं पळणं म्हणजे टंगळमंगळ. त्यांनी मला गजावरून काढलं, आत बोटं घातली, पत्र बाहेर ओढलं. अक्षरं ओघळून एकमेकांत गेली होती. सहीच्या जागी निळा डाग होता. मला वाटलं, आता मला फेकतील. फेकलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. त्यांनी मला मुठीत धरलं आणि कचेरीकडे वळल्या. मागून दहा पावलांवर मालक, एका हातात उजवी, दुसरा हात उघडा.

शिक्षण कार्यालयात लाकडी कठड्याच्या पलीकडे कारकून बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा. कारकुनांनी पत्र दोन बोटांत उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, “बाई, हे पत्र आहे की टिपकागद?”

“नवा कागद द्या. इथंच लिहून देते.”

त्यांनी कागद दिला. बाईंनी उभ्यानंच लिहिलं. मग कारकुनांनी एक छापील अर्ज पुढं ओढला. “बाहेरगावी रुजू व्हायचं तर हेही भरायला लागतं. कुटुंबाची हरकत. आहे की नाही?”

बाईंचं पेन थांबलं. त्या काही लिहिणार एवढ्यात मागून आवाज आला.

“आहे.”

कारकुनांनी मान वर केली. मालक दारात उभे होते. केस ओले, एका हाताला काटा.

“म्हणजे होती,” मालक म्हणाले. “पत्र विसरलं नव्हतं. मी मुद्दाम टांगून आलो. पाऊस येणार हे मला दिसत होतं.”

 बाईंची मूठ माझ्यावर अशी आवळली की माझ्यातून पाणी निथळलं.

“अहो, पण आत्ता आहे की नाही?” कारकून म्हणाले. “होतीला रकाना नाही.”

मालकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता येणार ‘शक्यता’. ते बाईंकडे न बघता टेबलाकडे बघत म्हणाले, “हरकत नाही. भीती आहे. हिच्यावाचून माझं चालणार नाही, आणि माझ्यावाचून हिचं चालेल. त्याची भीती आहे.”

कारकून अर्ज उलटसुलट करून पाहत राहिले. बिचाऱ्यांनी खरंच शोधलं. “भीतीलाही रकाना नाही, साहेब.”

बाई वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता. “हे मला घरी सांगितलं असतंत ना, तर मी बसून ऐकलं असतं. अकरा दिवस मी दुसरं काय मागत होते?”

 बाईंनी रकान्यात ‘नाही’ लिहिलं, खाली सही केली, आणि दोन्ही कागद स्वतः नेऊन पेटीत टाकले. दहाला पाच मिनिटं कमी होती. त्या तशाच शाळेत गेल्या. त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी फारसं बोललं नाही. मालकांनी चहा स्वतः करून घेतला आणि दोनदा दूध उतू घालवलं.

बाई निघाल्या तेव्हा मालकांनी ट्रंक बसपर्यंत नेली. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून म्हटलं, “डावी माझ्याकडे आहे. राहू दे.” उजवी मालकांकडे राहिली. जोडी फुटली त्याचं मला वाईट वाटलं. उजवीलाही वाटलं असावं. कबूल करणार नाही ती.

आता मी डोंगरातल्या शाळेत, मुख्याध्यापिकांच्या खोलीत, हजेरीपटांच्या शेजारी एका खिळ्यावर असते. माझ्या आत लवेवर बाईंची सही उमटली आहे, उलटी, निळी. शाळेतल्या शिपाई मावशींनी मला दोनदा साबणात बुडवायला नेलं आणि बाईंनी दोनदा परत आणलं. इथं हवा घटकेत एक, घटकेत दुसरी. सकाळी बाई शाळेमागच्या रस्त्यावर चार फेऱ्या मारतात, पहिल्या दोन चालत, पुढच्या दोन पळत, आणि मला डाव्या हातात चढवतात. एकीनंच भागतं त्यांचं. उकडलं की काढतात, गारठलं की घालतात. यात पाऊण तास विचार करण्यासारखं काय होतं ते मला आता खरंच आठवत नाही.

मालकांचंही बरं चाललंय म्हणे. एकदा त्यांनी वर्तमानपत्रात सरळ लिहून दिलं, ‘उद्या पाऊस पडेल.’ पडला नाही. वरच्या साहेबांनी खुलासा मागवला. मालकांनी खुलाशात लिहिलं, ‘माझा अंदाज चुकला.’ खात्यात असा खुलासा पूर्वी कुणी लिहिला नव्हता, त्यामुळे तो कुठल्या फायलीत लावायचा यावर अजून बैठका चालू आहेत. दर शनिवारी ते सहा तासांची बस धरून इकडे येतात. सुरुवातीला बाई त्यांच्याशी तोलून मापून बोलायच्या. आता भांडतातही, म्हणजे सुधारणा आहे.

माझी जबानी संपत आली. तुमच्याही हातावर माझ्यासारखी कुणी असेल तर तिला घाम द्या, थंडी द्या, कठड्यावर टांगून विसरलात तरी चालेल. फक्त जे तोंडानं बोलायचं ते तिच्यात कोंबून ठेवू नका. आम्ही कापड आहोत. आम्हाला धरून ठेवता येतं, सांगता येत नाही. मी आज सांगितलं ते एकदाच.

काल शुक्रवार होता. शाळा सुटल्यावर फोन वाजला. बाईंनी उचलला. “उद्या येताय ना?”

“नाही,” पलीकडून मालकांचा आवाज आला. “या शनिवारी येत नाही. बसचा कंटाळा आलाय. पुढच्या शनिवारी येतो.”

 बाई “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला. आणि खुर्चीत बसून एकट्याच हसायला लागल्या, डोळे पुसेपर्यंत. शिपाई मावशी झाडू घेऊन दारात आल्या. “काय बाई, साहेब येतायत वाटतं उद्या?”

“नाही हो मावशी,” बाई म्हणाल्या. “येत नाहीत. तसं त्यांनी स्वतः सांगितलं.”